रूट कॅनालच्या आधी घरातली झोपेची गोळी घेऊ का? ठाण्यातल्या एका डेंटिस्टचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कासारवडवलीच्या एका ताईंची खालची डावी दाढ दोन आठवडे ठणकतेय, रात्री आडवं झालं की जास्तच, थंड पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एका ठिकाणी रूट कॅनाल सुरू केलं, इंजेक्शन दिलं, ओठ जाड झाला पण दाढेला ड्रिल लावल्यावर जीव गेला, त्या खुर्चीतून उठून घरी आल्या. त्यात लहानपणी दात काढतानाचा अनुभव वाईट, तेव्हापासून नुसता ड्रिलचा आवाज ऐकला तरी हातपाय गार पडतात. आता घरात सासूबाईंच्या रेस्टिल ०.५ च्या गोळ्या आहेत, त्यातली एक किंवा अर्धी घेऊन गेलं तर चालेल का आणि तिने दुखणंही कमी होईल का, हा मुख्य प्रश्न. जाता जाता लिहिलंय की थायरॉइडची गोळी चालू आहे, गजकर्णासाठी स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्यात, सहा वर्षांच्या मुलाच्या दाढा किडल्यात त्याला सर्दीचं सिरप पाजून न्यावं असं शेजारीण म्हणते, आणि नवऱ्याला सुट्टी काढावी लागेल का.

ताई, ती रेस्टिल घेऊ नका. अर्धीही नको.

आता का ते सांगते, कारण नुसतं नको म्हटलं की लोक गुपचूप घेऊन येतात आणि ते सगळ्यात वाईट. झोपेच्या किंवा घाबरण्याच्या गोळ्यांना माझा विरोध नाहीये, मी स्वतः काही पेशंटना लिहून देते. पण तुम्ही जी गोष्ट जाता जाता लिहिलीत, ती गजकर्णाची कॅप्सूल, तीच इथे सगळ्यात महत्त्वाची आहे. रेस्टिल म्हणजे अल्प्राझोलम. ते शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं, आणि इट्राकोनाझोल नेमकं तेच एन्झाइम अडवून ठेवतं. म्हणजे तुम्ही अर्धी गोळी घ्याल आणि अंगात परिणाम होईल एक किंवा त्याहून जास्त गोळीसारखा, तोही जास्त वेळ टिकणारा. या दोन औषधांची जोडी करू नये असं त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. कॅप्सूल संपल्या म्हणून लगेच मोकळीक मिळते असंही नाही, इट्राकोनाझोलचा असर बंद केल्यावर साधारण दोन आठवडे राहतो. पावसाळ्यात आपल्याकडे ओल्या कपड्यांनी आणि घामाने गजकर्ण झालेले इतके लोक येतात आणि त्यातले निम्मे तर मेडिकलवाल्याला विचारूनच कॅप्सूल घेत असतात, त्यांना वाटतच नाही की स्किनच्या औषधाचा दाताशी काही संबंध असेल. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. त्यामुळे डेंटिस्टकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्सचा मोबाइलवर फोटो काढून न्या, क्रीम, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, सगळ्याचा. तुमची थायरॉइडची गोळी मात्र नेहमीसारखी सकाळी उपाशीपोटी घ्या, टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा रक्ताचा रिपोर्ट, आटोक्यात असेल तर भुलीच्या इंजेक्शनला तिची काही अडचण नाही.

दुसरं म्हणजे ती गोळी सासूबाईंच्या नावावर आहे. अल्प्राझोलम शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, २०१४ च्या मार्चपासून हा नियम लागू आहे, मेडिकलवाल्याला पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. हे काही उगाच नाही केलेलं. सवय लागणारं औषध आहे. आणि सासूबाई रोज घेत असतील तर त्यांच्या अंगाला ती गोळी पचलेली आहे, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा घेणार. त्या ०.५ घेऊन रात्री सिरियल बघत बसतात म्हणून तुम्ही ०.५ घेऊन चालत क्लिनिकमध्ये याल असं धरून चालू नका.

आता दुखण्याचं. या गोळीने दुखणं कमी होत नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलम, ही सगळी एकाच घरातली औषधं, बेंझोडायझेपिन म्हणतात त्यांना, ती भीती कमी करतात, गुंगी आणतात, आणि त्या वेळात काय झालं ते नीट आठवूही देत नाहीत. पण दाढेतून मेंदूकडे जाणारी कळ तशीच जाते. सोसायटीचा वॉचमन झोपला म्हणून चोर यायचा थांबत नाही, तसं आहे हे. उलट अडचण अशी होते की गोळीने सुस्तावलेला माणूस 'दुखतंय' हे नीट सांगू शकत नाही. तोंड उघडं राहत नाही, जीभ जड होते, लाळ गळते, मी विचारते की इथे कळतंय का, तर तो तीन सेकंदांनी 'हं' करतो आणि मला कळत नाही की हा हो म्हणाला की नाही म्हणाला. मग दाढ नीट बधिर झालीये की नाही हे मी ठरवायचं कशावरून?

भीतीचा आणि दुखण्याचा संबंध आहे, तो नाही असं मी म्हणत नाही. घाबरलेल्या माणसाला तीच सुई जास्त टोचते, हे आम्ही रोज बघतो. पण तुमच्या बाबतीत गाडं अडलं ते भीतीने नाही, ते दाढ बधिर न झाल्याने अडलं, भीती त्याच्यावर येऊन बसली. त्यामुळे आधी दाढेचं बघू.

तुम्ही जे वर्णन केलंय, रात्रीचा ठणका, गरम प्यायलं की कळ आणि थंड पाण्याने आराम, त्यावरून दाढेतली नस चांगलीच सुजलेली दिसतेय. आम्ही आपसात याला हॉट टूथ म्हणतो. खालच्या दाढांना भूल द्यायची म्हणजे जबड्याच्या मागच्या बाजूला, जिथून मुख्य नस हाडात शिरते तिथे औषध सोडायचं, त्याला ब्लॉक म्हणतात. साध्या दाढेला हा ब्लॉक बहुतेक वेळा व्यवस्थित लागतो. सुजलेल्या नसेला मात्र तो फसायचं प्रमाण बरंच जास्त असतं, जगभर हाच अनुभव आहे. सुजेमुळे त्या नसेतले तंतू इतके चेकाळलेले असतात की नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत, शिवाय काहींना दुसऱ्याच एखाद्या बारीक नसेतून त्या दाढेला संवेदना जात असते. म्हणून ओठ बधिर आणि दाढ जागी, असं होतं. तुमचं शरीर विचित्र नाही आणि तुम्ही नाटकही करत नव्हता, हे मुद्दाम लिहिते कारण बऱ्याच पेशंटना तसं ऐकवलं जातं की ओठ बधिर झालाय ना मग कसं दुखेल, एवढं काय घाबरता. दुखू शकतं.

ओठ बधिर झाला म्हणजे ब्लॉक लागला एवढंच कळतं. दाढ बधिर झाली का हे बघायला कापसाच्या छोट्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाढेला लावून बघायचा. आधी बाजूच्या चांगल्या दाताला लावून पेशंटला दाखवायचं की अशी थंडीची झणझण लागते, मग दुखऱ्या दाढेला लावायचं, काहीच कळलं नाही तरच ड्रिल हातात घ्यायचं. या टेस्टला एक मिनिटही लागत नाही. आणि थंडीची कळ आलीच, तर पुढचे मार्ग आहेत. गालाच्या बाजूने आर्टिकेन नावाचं दुसरं औषध देता येतं, दात आणि हाडाच्या मधल्या फटीत अगदी थेंबभर औषध दाबून देता येतं, आणि सगळ्यात शेवटी नस उघडी पडल्यावर थेट तिच्यात. हे शेवटचं दोन-चार सेकंद चांगलंच झोंबतं, ते आधी सांगून द्यावं लागतं, पण त्यानंतर दाढ लगेच गप्प होते. औषध संपलं, आता आणखी देता येत नाही, असं सहसा होत नाही. आपल्याकडे भुलीचं जे औषध नेहमी वापरतो ते २ टक्के लिग्नोकेन, त्यात भूल जास्त टिकावी म्हणून १:८०,००० अॅड्रेनलिन. एका ब्लॉकला जेमतेम १.५ ते २ एमएल लागतं. ४.४ मिलिग्रॅम दर किलोला ही सावध मर्यादा धरली तरी ६० किलोच्या तब्येतीने ठणठणीत माणसाला १३ एमएलपर्यंत देता येतं. हार्टच्या पेशंटला अॅड्रेनलिन मोजून द्यावं लागतं, तो वेगळा विषय.

अॅड्रेनलिनवरून आठवलं. इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटात छाती धडधडते, हात थरथरतात, आणि पेशंटला वाटतं मला भुलीची अॅलर्जी आहे, मग पुढची वीस वर्षं तो प्रत्येक फॉर्मवर 'भुलीची अॅलर्जी' लिहीत फिरतो. लिग्नोकेनची खरी अॅलर्जी फार दुर्मिळ आहे. ही धडधड अॅड्रेनलिनची असते, थोडं औषध रक्तात लवकर गेलं की होतं, काही मिनिटांत आपोआप ओसरतं. पण आधीच घाबरलेल्या माणसाला हे आधी सांगितलं नसेल तर त्याला हार्ट अटॅकच वाटतो. मागच्या खेपेला तुम्हाला असं काही झालं होतं का आठवून बघा आणि नवीन डॉक्टरांना सांगा.

आता गोळी घ्यायचीच असेल तर ही बघा. सुजलेल्या दाढेच्या केसमध्ये अपॉइंटमेंटच्या साधारण तासभर आधी आयबुप्रोफेन घेतलं तर ब्लॉक लागायची शक्यता वाढते, यावर बऱ्याच चाचण्या झाल्यात आणि कौल बऱ्यापैकी एकाच बाजूला आहे. ४०० किंवा ६०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. कॉम्बिफ्लाम सगळ्यांना माहितीये, त्यात ४०० आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामोल असतं. पण दमा असेल, अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील तर हे नाही. आणि पावसाळ्यात अंगात ताप असेल तर अजिबात नाही, आपल्या ठाण्यात जुलै ते ऑक्टोबर ताप म्हणजे आधी डेंग्यू नाही ना हे बघायचं, डेंग्यूत आयबुप्रोफेन, केटोरोलॅक, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेव्हा फक्त पॅरासिटामोल, तेही दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर दाताचं काम पुढे ढकलायचं. अजून एक बारकावा तुमच्यासाठी. पेनकिलर घेतलं की सवयीने लोक पॅन-फॉर्टी घेतात, पण अॅसिडिटीच्या गोळीने तुमची इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल नीट शोषली जात नाही, म्हणजे गजकर्ण जिथल्या तिथे. स्किनच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

तोवर घरी रात्र काढताना लवंगेचं तेल कापसाला अगदी किंचित लावून खड्ड्यात ठेवलं तर चालतं, हिरडीवर ओतू नका, भाजते. अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवणारे अजून येतात, हिरडी पांढरी पडून सालटं निघालेली असतात. मिश्री लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि उरलेल्या अमॉक्सिसिलिनने हा ठणका जात नाही, नस सुजलीये, त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. तोंडावर सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळायला त्रास व्हायला लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

आता भीती. माझ्या मते तुमच्यासारख्या बहुतेकांना झोपेची गोळी लागत नाही, डॉक्टरला वेळ लागतो. फोन करतानाच सांगा की मी घाबरट पेशंट आहे, एकदा अर्ध्यातून उठून आलेय. हे सांगायला लोक लाजतात. अहो, आम्हाला आधी कळलं तर आम्ही सकाळची पहिली अपॉइंटमेंट देतो, म्हणजे दिवसभर घरी धास्ती घेऊन बसायला नको आणि वेटिंग रूममध्ये आतला आवाज ऐकत बसायला नको. पहिल्या दिवशी नुसतं बोलायचं, एक्स-रे काढायचा, फार तर खुर्चीत बसून बघायचं. हात वर केला की मी थांबणार हे ठरवून घ्यायचं, आणि खरंच थांबायचं, एकदा जरी डॉक्टर 'झालंच आता, दोन मिनिटं' म्हणून पुढे गेला की तो विश्वास गेला. हेडफोन चालतात. ड्रिलचाच त्रास असेल तर इअरप्लग लावा.

इंजेक्शन कमी दुखावं यासाठीही बरंच करता येतं आणि त्यात काही जादू नाही. सुई जिथे जाणार ती जागा आधी गॉजने कोरडी करायची, मग बधिर करणारी जेल लावून दोन मिनिटं थांबायचं. ओल्या हिरडीवर जेल लावून पाच सेकंदांत सुई टोचली तर जेलचा उपयोग शून्य, ती लाळेबरोबर घशात जाते आणि वर घसा बधिर झाल्याने पेशंट आणखी घाबरतो. औषध फ्रिजमधलं गारढोण नको. गाल ताणून धरायचा, थोडा हलवत राहायचं, आणि औषध सावकाश सोडायचं, एक एमएलला एक मिनिट असा वेग असला तर त्रास खूपच कमी होतो. दुखतं ते सुईने कमी आणि औषध भसकन आत ढकलल्याने जास्त. तुम्ही त्या वेळी पायाची बोटं हलवत राहा आणि श्वास रोखू नका, सोडताना लांब सोडा.

सुई बघून चक्कर येणारे वेगळे. डेंटल खुर्चीत सगळ्यात जास्त घडणारी इमर्जन्सी हीच, घेरी येणं, आणि त्यातले बरेच जण उपाशीपोटी आलेले असतात कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की दाताच्या कामाला खाऊन जाऊ नये. साध्या भुलीला पोटभर नाश्ता करून यायचं. डायबेटिसवाल्यांनी तर गोळी घेतली आणि नाश्ता टाळला असं कधीच करू नये. घेरी येण्याची सवय असेल तर मुठी, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं, याने ब्लड प्रेशर खाली जात नाही. करून बघा, चांगलं काम करतं.

एवढं करूनही जमत नसेल तर पुढच्या पायऱ्या आहेत आणि त्या घ्यायला कमीपणा नाही. पहिली म्हणजे डॉक्टरने स्वतः तपासून लिहून दिलेली एकच गोळी. ती कधी घ्यायची हेही डॉक्टरच ठरवणार. अल्प्राझोलमचा पूर्ण असर यायला एक ते दोन तास लागतात. घोडबंदर रोडने येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, घरून निघताना गोळी घेतली आणि माजिवड्याला तासभर अडकलात तर सगळा असर रिक्षात होऊन जातो, किंवा उलट, गोळी घेऊन अर्ध्या तासात पोचलात तर काहीच वाटत नाही म्हणून वेटिंग रूममध्ये दुसरी घेतली जाते. या दुसऱ्या गोळीने गोची होते, एक तासाने दोन्ही मिळून चढतात. म्हणून मी गोळी क्लिनिकमध्येच बसवून देते, संमतीपत्रावर सही त्याच्या आधी, गुंगीत घेतलेल्या सहीला अर्थ नसतो. तुमच्या बाबतीत मात्र इट्राकोनाझोल चालू असेपर्यंत आणि संपल्यावरचे ते दोन आठवडे अल्प्राझोलम आणि पोटातून घ्यायचं मिडाझोलम दोन्ही बाद.

त्यापेक्षा तुम्हाला लाफिंग गॅस जास्त सोयीचा पडेल असं मला वाटतं. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, नाकावर छोटा मास्क, तीन ते पाच मिनिटांत अंग सैल होतं, पूर्ण शुद्धीत असता, बोलता, आणि संपल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की उतरतो. तुमच्या कॅप्सूलशी त्याचं काही वाकडं नाही. ही आजकालची फॅशनही नाहीये, होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने १८४४ मध्ये हा गॅस हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती, पुढच्या वर्षी बोस्टनमध्ये सगळ्यांसमोर प्रयोग केला तेव्हा पेशंट ओरडला आणि बिचाऱ्याची फजिती झाली. म्हणजे तेव्हाही हेच, नुसत्या गॅसवर भरवसा ठेवून भागत नाही. आता गॅसबरोबर भुलीचं इंजेक्शन द्यायचंच असतं. नाक चोंदलेलं असेल, गरोदरपणाचे पहिले महिने असतील, नुकतं कानाचं किंवा डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं असेल तर गॅस नाही. आणि बी-१२ खूप कमी असेल तर नाही, कारण नायट्रस बी-१२ निकामी करतो, आपल्या शाकाहारी घरांमध्ये आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असणं इतकं कॉमन आहे की मी हे विचारल्याशिवाय मास्क लावत नाही. सगळ्या क्लिनिकमध्ये गॅस नसतो, फोनवरच विचारा.

त्याच्यापुढे शिरेतून मिडाझोलम, भूलतज्ज्ञ बोलावून. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन तयार, उलटा उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी. याला उपाशी यावं लागतं, सहा तास जेवण नाही, दोन तास पाणी नाही. एका रूट कॅनालसाठी हे मला जरा जास्तच वाटतं, पण चारही अक्कलदाढा एकदम काढायच्या असतील तर जरूर विचार करा. इट्राकोनाझोलबद्दल भूलतज्ज्ञालाही सांगायचं, मिडाझोलमही त्याच एन्झाइमवर चालतं. 'आमच्याकडे इंजेक्शन देऊन झोपवतात, भूलतज्ज्ञ लागत नाही' असं कोणी म्हटलं तर तिथून निघा.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही एक सांगून ठेवते. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे, दम्याचे जुने रोगी, सत्तरीच्या पुढचे, काचबिंदूवाले, आधीच ट्रामाडॉलसारखं जोरदार पेनकिलर घेणारे, यांनी असली गोळी मनाने घेणं म्हणजे खरोखर धोका आहे, श्वास मंदावतो. म्हाताऱ्या माणसांमध्ये तर कधी उलटंच होतं, शांत होण्याऐवजी बडबड, चिडचिड. डायझेपामचा अंमल त्यांच्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो, रात्री बाथरूमला उठले आणि पडले, दाढ राहिली बाजूला आणि खुबा मोडला. आणि क्वार्टर मारून हिंमत करून येणारे दादा लोक, तुम्हाला वाटतं वास येत नाही, येतो. दारूवर ही गोळी हा जीव जाण्याचा प्रकार आहे. नुसती दारू असली तरी मी त्या दिवशी काम करत नाही. धडधड थांबावी म्हणून सिप्लार घेणाऱ्यांनी पण सांगायचं, ती अॅड्रेनलिनशी भांडते आणि दमेकऱ्याला तर चालतच नाही.

मुलाचं. शेजारणीला गोड बोलून कटवा. सर्दीच्या किंवा उलटीच्या सिरपने पोराला झोपवून आणणं अजिबात नको. लहान मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो, डोस वजनावर असतो, मागच्या सीटवर मान खाली घालून झोपलेल्या मुलाचा श्वास अडकला तर गाडीत ते कोणाच्या लक्षात येणार? गुंगीचं औषध मुलाला घरी द्यायचंच नाही, ते द्यायचं तर तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, ऑक्सिजन हाताशी ठेवून. शिवाय काही मुलं त्या औषधाने झोपत नाहीत, पिसाळतात. त्याला मुलांच्या डेंटिस्टकडे न्या, पेडोडॉन्टिस्ट. नेरुळ, खारघर, कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांमध्ये मुलांचा वेगळा विभाग असतो, वेळ जातो पण खर्च कमी. सहा वर्षांचं पोर बऱ्यापैकी समजूतदार असतं, आधी आरसा दाखवायचा, मग त्याच्या नखावर ब्रश फिरवून दाखवायचा, मग दातावर, असं करत बहुतेकांचं होतं. काहींना गॅस लागतो. खूपच दाढा किडल्या असतील तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं करतात. घरी फक्त एक करा, 'डॉक्टर मोठी सुई टोचतील हं' ही धमकी जेवताना वापरू नका, आणि तुमची स्वतःची ट्रीटमेंट चालू असताना त्याला बरोबर आणू नका.

तर तुमचा प्लॅन असा करा. फोनवर तीन गोष्टी विचारा: दाढ बधिर झाली का हे थंड स्प्रेने बघता का, आर्टिकेन आहे का, गॅस आहे का. पहिल्याला 'हो' आलं तरी निम्मं काम झालं. सकाळची वेळ घ्या, आधी थायरॉइडची गोळी, मग नाश्ता, डॉक्टर हो म्हणाले तर तासभर आधी आयबुप्रोफेन. दाढेची भूल तास-दीड तास टिकते, ओठ-गाल तीन ते पाच तास जाड राहतात, तोवर गरम चहा आणि चावून खाणं नको, लोक स्वतःचाच ओठ चावतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन घाबरून फोन करतात. पुढची पेनकिलर भूल उतरायच्या आधीच घ्यायची, कळ सुरू झाल्यावर नाही, आणि सकाळच्या गोळीला किमान सहा तास झालेत ना एवढं बघून.

आणि नवऱ्याच्या सुट्टीचं. नुसतं इंजेक्शन असेल तर नको, तुम्ही एकट्या येऊन एकट्या रिक्षाने जाऊ शकता. गॅस असेल तर आम्ही थोडा वेळ बसवून, उभं करून, चालवून बघतो आणि मग सोडतो, तरी पहिल्या वेळी कोणी असलेलं बरं. पुढेमागे कॅप्सूल संपल्यावर कधी गोळी किंवा शिरेतलं औषध घ्यायची वेळ आली तर मात्र त्यांना पूर्ण दिवसाची सुट्टी टाकायला लावा, सोडून ऑफिसला जातो आणि दुपारी न्यायला येतो हे चालणार नाही. चोवीस तास गाडी चालवायची नाही, स्वयंपाकाच्या गॅसजवळ जायचं नाही, बँकेच्या कागदांवर सह्या नाहीत. आणि घरी न्यायला त्यांनी स्कूटर आणू नये, गुंगीत मागे बसलेलं माणूस डुलकी लागून घसरतं, रिक्षा नाहीतर कार.